बाबांच्या ऑक्सिमीटरवर ९० दाखवून राहिलं, घाबरायचं का? घरी पेशंट असलेल्यांनी सांगा

अंबाझरी:
नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या. बाबा ७३ चे, सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनळ्या अरुंद होऊन दम लागणारा फुफ्फुसाचा जुना आजार, तरुणपणापासून बिडी होती, सुटली पण फार उशिरा सुटली. छातीत इन्फेक्शन झालं म्हणून इथे नागपुरात रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात भरती होते, आता घरी आणलं. सोबत ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतून ऑक्सिजन काढून देणारं मशीन दिलाय आणि डिस्चार्ज कार्डावर लिहिलंय मिनिटाला १ ते २ लिटर, टार्गेट एसपीओटू, म्हणजे ऑक्सिमीटरवरचा ऑक्सिजनचा टक्का, ८८ ते ९२. आता घरात प्रत्येकाचं वेगळंच सुरू आहे. आईला ९० दिसलं की तिचे हातपाय गळतात, कारण कोविडच्या वेळी २०२१ मध्ये आपण सगळ्यांनीच ९४ च्या खाली गेलं की पळा हेच ऐकलं होतं. मोठा भाऊ पुण्याला असतो, तो व्हिडिओ कॉलवर आकडा पाहतो आणि म्हणतो मशीन ४ वर कर, ९८ आलंच पाहिजे, आपण एवढे पैसे कशासाठी भरले. मी मध्ये. बाबा तर आता वैतागून बोटच देत नाहीत. ८८ ते ९२ हे खरंच बरोबर आहे की घाईत लिहिलं गेलं? दिवसातून किती वेळा पाहायचं? आणि बोटाला ऑक्सिमीटरचं यंत्र लावलं की आधी ८६ मग ९३ मग ९० असं फिरत राहते, त्यातला कोणता आकडा धरायचा?

तर्रीपोहे:
ताई ८८ म्हणजे मला तरी चुकलेलं वाटते. आमच्या काकांचं एप्रिल २०२१ मध्ये ९१ झालं तर आम्ही रात्रभर बेडसाठी गाडी घेऊन फिरलो होतो, ते दिवस आठवले तरी नको वाटते. ९५ च्या खाली कोणाचंच नको. उद्या सकाळीच डॉक्टरला फोन करा.

वऱ्हाडी_गडी:
आधी यंत्र बदलून पाहा. सस्त्यातलं असन तर कायचं बी दाखवते.

निवृत्त_सिस्टर:
अंबाझरी, आधी शांत हो बाळ. कार्डावर बरोबर लिहिलं आहे. मी मेडिकलला, इथल्या सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात, चेस्ट वॉर्डात अनेक वर्षं काढली, सीओपीडीच्या जुन्या पेशंटला ८८ ते ९२ हेच टार्गेट देतात. तर्रीपोहे दादा, तुमच्या काकांचं आणि हिच्या बाबांचं एक नाही. काकांची फुफ्फुसं आधी धडधाकट होती, ९८ वरून ९१ ला येणं म्हणजे काहीतरी जोरात बिघडत चाललंय. हिच्या बाबांचं शरीर कित्येक वर्षांपासून कमी ऑक्सिजनवर चालायला शिकलंय, त्यांचं ९० म्हणजे त्यांचं नेहमीचं असू शकते. मशीन कोणीही स्वतःच्या मनाने ४ वर करायचं नाही. हे मी जीव तोडून सांगते आहे.

तर्रीपोहे:
सिस्टर, तुमचा अनुभव मोठा आहे, पण एक गोष्ट पटत नाही. ऑक्सिजन जास्त दिल्याने नुकसान कसं होईल? हवेतलाच तर आहे तो. जास्तीचा शरीर घेणार नाही, बस.

भूलवाला:
मी भूल देणारा डॉक्टर आहे, धंतोलीत काम करतो, म्हणून थोडं सविस्तर लिहितो कारण हा प्रश्न मला नातेवाईक रोज विचारतात आणि तो रास्त आहे.

ऑक्सिमीटर एकच गोष्ट सांगतो, रक्तातल्या हिमोग्लोबिनपैकी किती टक्के ऑक्सिजनने भरलंय. कार्बन डायऑक्साइड किती साचलाय हे तो सांगतच नाही. सीओपीडीत खरी पंचाईत बाहेर टाकण्याची असते, आत घेण्याची तेवढी नसते. फुफ्फुसाचे जे भाग खराब झालेत तिकडे शरीर रक्तच कमी पाठवते, ही त्याची हुशारी. तुम्ही वरून भरपूर ऑक्सिजन सोडला की ती व्यवस्था मोडते, खराब भागाकडेही रक्त जाते, हिमोग्लोबिनने धरून ठेवलेला कार्बन डायऑक्साइडही सुटतो, वर काही पेशंटमध्ये श्वासाचा जोर कमी होतो. परिणाम असा की बोटावर ९९ झळकत असते आणि पेशंट मात्र सुस्त होत जातो. घरचे म्हणतात चला, बाबांना छान झोप लागली. ती झोप नसते हो.

म्हणून लक्षात ठेवायचं ते हे: सकाळी उठल्यावर डोकं जड किंवा दुखणं, दिवसा पेंग येत राहणं, बोलण्यात गोंधळ, हात समोर धरले की पंजे फडफडणं. यातलं काही दिसलं तर आकडा कितीही सुंदर असू द्या, दवाखाना गाठा. तिथे मनगटातून रक्त घेऊन एबीजी करतात, त्यातच कार्बन डायऑक्साइड कळतो.

आणि तर्रीपोहे, तुम्ही म्हणता ते निरोगी माणसाबद्दल बऱ्याच अंशी ठीक आहे, त्याला थोडा वेळ जास्त ऑक्सिजन दिल्याने काही होत नाही. सगळ्या सीओपीडीवाल्यांचं कार्बन डायऑक्साइड चढतं असंही नाही. पण कोणाचं चढणार हे घरी बसून ओळखता येत नाही, म्हणून टार्गेट सगळ्यांनाच आखून देतात.

तर्रीपोहे:
हे कोणीच असं समजावून सांगितलं नव्हतं. धन्यवाद डॉक्टर. अंबाझरी ताई, माझा वरचा प्रतिसाद सोडून द्या.

पुणेकर_जावई:
अंबाझरी, तुझ्या भावाला हा धागाच पाठव. आमच्यासारख्या दूर राहणाऱ्यांचं दुखणं असं असतं की हाताने काही करता येत नाही, मग स्क्रीनवर जो आकडा दिसतो तोच धरून बसतो. त्याला रागावू नकोस. त्याला काहीतरी काम दे, उदाहरणार्थ रोजची नोंद त्याने ठेवायची, तू फक्त आकडे पाठवायचे. माझ्या सासूबाईंच्या वेळी आम्ही असंच केलं आणि भांडणं थांबली.

अंबाझरी:
@भूलवाला, @सिस्टर, खूप खूप आभार. वाचून आईला ऐकवलं, ती पहिल्यांदा शांत झोपली आज. सकाळी डोकं जड असतं का विचारलं बाबांना, नाही म्हणतात. पण आकडा फिरतो त्याचं काय? आत्ताच लावलं तर ८४ वरून सुरू झालं आणि माझ्याच पोटात गोळा आला.

निवृत्त_सिस्टर:
लावल्या लावल्या येणारा पहिला आकडा कधीच घ्यायचा नाही. पाच मिनिटं बाबांना निवांत बसू दे, जिना चढून किंवा बाथरूमहून आल्याबरोबर नको. हात गार असेल तर चोळून गरम कर. हात छातीच्या उंचीला, टेबलावर किंवा उशीवर टेकवलेला, हवेत लटकलेला नको. यंत्र मधल्या बोटाला किंवा त्याच्या बाजूच्याला, नखाची बाजू वर, बोट आत पूर्ण गेलं पाहिजे. मग एक मिनिट थांब. बोलायचं नाही, हलायचं नाही. आकडा जिथे स्थिर राहील तो धर. तुझ्या यंत्रात नाडीची लाट किंवा उड्या मारणारा खांब दिसत असेल, तो नीट एका लयीत उडत असेल तरच वाचन खरं. लाट तुटक असेल तर पुन्हा लाव.

अजून एक साधी परीक्षा. यंत्रात नाडीचे ठोके दिसतात ना, दुसऱ्या हाताची नाडी तू स्वतः मनगटाला धरून मिनिटभर मोज. दोन्ही जवळपास जुळले नाहीत तर एसपीओटूवरही विश्वास ठेवू नकोस.

गांधीबाग_औषधवाला:
सिस्टरांनी लाखमोलाचं सांगितलं. दुकानदार म्हणून दोन गोष्टी जोडतो. सेल कमजोर झाला की यंत्र वेडंवाकडं दाखवते, तेव्हा आधी सेल बदला. आणि खरेदी करताना बिल घ्या, कंपनीचं नाव, बॅच नंबर आणि पुस्तिका पाहा. २०२१ च्या लाटेत वाट्टेल तो माल बाजारात आला होता, पेन्सिलीवर लावलं तरी ९८ दाखवणारे व्हिडिओ सगळ्यांनी पाहिलेत. नंतर त्याच वर्षी जुलैमध्ये एनपीपीएने, म्हणजे औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेने, ऑक्सिमीटर, बीपी मशीन, नेब्युलायझर, डिजिटल थर्मामीटर आणि ग्लुकोमीटर या पाच वस्तूंवरच्या व्यापारी नफ्याला ७० टक्क्यांची मर्यादा घातली, तेव्हापासून भाव खाली आले. पुढच्या वेळी डॉक्टरकडे जाल तेव्हा आपलं यंत्र सोबत न्या, त्यांच्या यंत्राशेजारी लावून पाहा. चांगल्या यंत्रातही दोनतीन टक्के इकडेतिकडे होते, त्यामुळे कालचं ९१ आणि आजचं ९० यात फरक शोधत बसू नका.

वऱ्हाडी_गडी:
म्या तेच म्हनलं होतं ना सुरुवातीले. माया मोबाईलमधी एक ॲप होतं, कॅमेऱ्यावर बोट ठेवा म्हने अन् ऑक्सिजन पाहा. ते चालते का बाप्पा?

गांधीबाग_औषधवाला:
नाही भाऊ. तसली ॲप काढून टाका. पोलिसांच्या सायबरवाल्यांनी कोविडमध्ये त्याबद्दल सावध केलं होतं, बोटाचा ठसा अन् फोनमधली माहिती चोरायचा धंदा होता काहींचा. हातातल्या घड्याळाचा आकडाही औषधोपचार ठरवायला वापरायचा नाही.

भौतिक_मास्तर:
धागा वाचतो आहे आणि राहवत नाही म्हणून लिहितो. सक्करदऱ्याच्या बाजूला शाळेत शिकवायचो, पोरांना हे यंत्र दाखवलं की डोळे चमकायचे.

चिमट्याच्या एका बाजूला दोन दिवे असतात, एक लाल, साधारण ६६० नॅनोमीटरचा, दुसरा डोळ्याला न दिसणारा अवरक्त, साधारण ९४० चा. पलीकडे प्रकाश मोजणारा सेन्सर. ऑक्सिजन घेतलेलं रक्त लाल प्रकाश बराचसा जाऊ देते आणि अवरक्त जास्त शोषते, ऑक्सिजन सोडलेल्याचं उलट. दोघांचं गुणोत्तर काढलं की टक्केवारी येते. पण बोटात हाड, कातडी, नीला सगळंच प्रकाश शोषते, मग धमनीचं रक्त वेगळं कसं काढायचं? इथेच सगळी गंमत आहे. ठोक्याबरोबर फक्त धमनीतलं रक्त कमीजास्त होते, बाकी सगळं स्थिर. तेवढा धडधडणारा भाग उचलायचा, बाकी सोडून द्यायचा. म्हणूनच हात गार असला, रक्त बोटापर्यंत नीट आलं नाही, की यंत्र चाचपडते.

ही कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांची, निहोन कोहडेन कंपनीत १९७४ ची. ते खरं तर हृदय किती रक्त फेकते हे कानाला दिवा लावून मोजायच्या खटपटीत होते आणि नाडीची थरथर त्यांच्या मोजणीत सारखी आडवी येत होती. ती थरथर घालवता घालवता त्यांना दिसलं की तिच्यातूनच ऑक्सिजन मोजता येईल. एप्रिल २०२० मध्ये ते गेले. सगळं जग त्यांचं यंत्र बोटाला लावून बसलेलं होतं आणि नाव कोणाला माहीत नव्हतं. त्या माणसाचं मोठं ऋण आहे आपल्यावर.

भूलवाला:
मास्तर, मनापासून नमस्कार. ऑपरेशनच्या टेबलावर त्या यंत्राचा टुंग टुंग आवाज ऐकतच आमचा दिवस जातो, आकडा पडला की आवाजही खाली उतरतो, मान न वळवता कळते. २००८ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने शस्त्रक्रियेची सुरक्षा यादी काढली त्यात भूल देण्याआधी ऑक्सिमीटर लावून चालू आहे ना हे तपासायची ओळच आहे.

मास्तरांच्या मुद्द्याला जोडून, यंत्रातलं गणित निरोगी माणसांवर घेतलेल्या मोजणीवरून बसवतात. त्यांना ७० च्या खाली नेता येत नाही, त्यामुळे ७० च्या खालचा आकडा अंदाजच समजा. आणि कातडीच्या रंगाचाही प्रश्न आहे. डिसेंबर २०२० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये अमेरिकेतल्या पेशंटचा अभ्यास आला होता, ज्यांचा ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत होता पण रक्तात खरं ८८ पेक्षा कमी होतं असे कृष्णवर्णीयांमध्ये ११.७ टक्के निघाले, गोऱ्यांमध्ये ३.६. आपण सावळी माणसं, तेव्हा पेशंटला धाप आहे आणि यंत्र ९४ म्हणते तर पेशंटचं ऐका.

जरीपटका_आई:
मी सहसा वाचूनच जाते, पण इथे लिहावंसं वाटलं. माझ्या मुलाला सिकलसेल आहे, रक्तातल्या लाल पेशींचा आनुवंशिक आजार, त्यातही एसएस पॅटर्न, म्हणजे आईवडील दोघांकडूनही आलेला. विदर्भात किती घरांत हा आजार आहे ते तुम्हाला माहीतच आहे. त्याचा आकडा बरं असतानाही इतर मुलांपेक्षा कमी असतो. शाळेत एकदा तपासणी शिबिरात बोटाला लावलं आणि तिथल्या बाईंनी घाबरून मला फोन केला, मुलगा तर मैदानात खेळत होता. आमच्या डॉक्टरांनी समजावलं की सिकल हिमोग्लोबिन ऑक्सिजन लवकर सोडते त्यामुळे आकडा मुळातच खाली बसतो, आणि या आजारात यंत्र थोडं चुकूही शकते. त्यांनी बरा असतानाचा त्याचा आकडा फाइलच्या पहिल्या पानावर मोठा लिहून ठेवला. आता नियम असा की त्या आकड्यापेक्षा ३ किंवा जास्त खाली गेला, किंवा ताप, छातीत दुखणं, श्वास जोरात, तर वाट न पाहता मेयो किंवा मेडिकल, इथली ही दोन सरकारी रुग्णालयं. सिकलमध्ये छातीचा त्रास फार झपाट्याने वाढतो.

अंबाझरी, तुझ्याही बाबांचा बरा असतानाचा आकडा लिहून ठेव गं. जगाचा आकडा वेगळा, आपल्या माणसाचा वेगळा.

अंबाझरी:
जरीपटका ताई, डोळ्यात पाणी आलं. लेकराला खूप आशीर्वाद. आजच लिहिते.

निवृत्त_सिस्टर:
जरीपटका, फार मोलाचं लिहिलंस. पांडुरोग असलेल्यांसाठीही एक सांगते. रक्त कमी असेल, हिमोग्लोबिन ६ असेल, तरी ऑक्सिमीटर ९८ दाखवू शकतो, कारण जे थोडंफार हिमोग्लोबिन आहे ते भरलेलंच असते. गरोदर सुनेला दम लागतो आणि घरचे म्हणतात ऑक्सिजन तर मस्त आहे, असं मी कितीदा पाहिलं. दम लागतो म्हणजे तपासायचं.

कोराडी_फोरमन:
९८ वर विसंबू नका, याबद्दल मीही सांगतो. थंडीत आमच्या नात्यातले एक कुटुंब खेड्यावर लग्नाला गेले, रात्री गारठा म्हणून खोलीत सिगडी घेऊन दार खिडकी लावून झोपले. पहाटे सगळ्यांचं डोकं ठणकतंय, उलट्या, एकाला उठवतच नव्हतं. कोणीतरी ऑक्सिमीटर लावला तर ९९. म्हणे ऑक्सिजन तर भरपूर आहे, जेवणात काही आलं असेल. नशीब एका शहाण्याने दार उघडून सगळ्यांना अंगणात काढलं आणि गाडी बोलावली. नंतर डॉक्टरांनी सांगितलं, कोळशाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला चिकटला की हे यंत्र त्यालाच ऑक्सिजन समजते. त्यासाठी रक्ताची वेगळी तपासणी लागते. बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच. डिसेंबर जानेवारीत नागपुरात पारा खाली जातो तेव्हा कृपा करून हे लक्षात ठेवा.

तर्रीपोहे:
बापरे. हे तर कोणालाच माहीत नसेल. घरच्या ग्रुपवर टाकतो आजच.

रात्रपाळी:
विषयाला धरूनच, आई झोपली की तिचं ८३ पर्यंत जाते आणि जागी झाली की ९५. ती जोरजोरात घोरते. आईने आयुष्यात कधी बिडी हातात धरली नाही, पण लग्न झाल्यापासून चुलीवर स्वयंपाक केला गावाकडे. हे झोपेतलं पडणं मोजायचं की नाही?

भूलवाला:
मोजायचं आणि डॉक्टरला सांगायचं. घोरणं, मधेच श्वास थांबल्यासारखा होणं, दिवसा पेंग, हे स्लीप ॲपनियाचं लक्षण असू शकते, रात्रभर नोंद ठेवणारा ऑक्सिमीटर लावून किंवा स्लीप स्टडी करून कळते. चुलीच्या धुरानेही सीओपीडी होते, बिडी लागतच नाही, तेव्हा फुंकर मारायची तपासणी, स्पायरोमेट्री, तीही करून घ्या. उगाच रात्री उठवून उठवून यंत्र लावू नका, त्यांची झोप मोडेल आणि तुमचीही.

वऱ्हाडी_गडी:
माह्या बुढीचं बी चुलीनंच झालं. दवाखान्यात पहिले इचारते, बिडी पेता का? थे म्हने, मी कायले पिऊ बिडी! धुराचं कोनी इचारलंच नाही.

कोराडी_फोरमन:
अंबाझरी, यंत्राबद्दल बरंच आलं, कॉन्सन्ट्रेटरबद्दल मी सांगतो, वीजवाला माणूस आहे. ५ लिटरचं मशीन साधारण ३०० ते ३५० वॅट खाते. घरातला इन्व्हर्टर किती वेळ खेचेल हे आजच घरचा मेन स्विच बंद करून तपासा, लाईट गेल्यावर नको. मे महिन्यात वादळ आलं की आपल्याकडे तासन् तास लाईट जाते. एक छोटा सिलेंडर रेग्युलेटर आणि पान्यासकट भरून ठेवा आणि घरातल्या दोघांना तरी तो लावता आला पाहिजे. मशीन भिंतीपासून दूर ठेवा, ते हवा ओढते. नागपूरची धूळ तुम्हाला माहीत आहे, बाहेरची जाळी आठवड्याला धुवून पूर्ण वाळवून लावा. उन्हाळ्यात ज्या खोलीत मशीन आहे ती थंड राहू द्या, किती तापमानापर्यंत चालवायचं ते पुस्तिकेत असते आणि आपल्याकडची बंद खोली दुपारी ते सहज ओलांडते. पाण्याच्या बाटलीत उकळून गार केलेलं किंवा डिस्टिल्ड पाणी, रोज बदलायचं. आणि त्या खोलीत देवाचा दिवा, उदबत्ती, गॅस, बिडी काहीही नको. ऑक्सिजन स्वतः पेटत नाही पण ठिणगीला भडका करतो.

अंबाझरी:
काका, देवघर त्याच खोलीत आहे. आईला समजावते, दिवा पुढच्या खोलीत लावू.

निवृत्त_सिस्टर:
बरोबर. नाकातली नळी टोचत असेल तर व्हॅसलीन लावू नकोस, पाण्याचा बेस असलेलं मलम विचारून आण. आणि डॉक्टरने १५ तास सांगितलं असेल तर १५ तासच, बरं वाटलं की काढून ठेवायचं असं नाही. घरच्या ऑक्सिजनचा फायदा तेवढा वेळ रोज घेतला तरच होतो.

पुणेकर_जावई:
मूळ प्रश्न राहूनच गेला मंडळी, दिवसातून किती वेळा? अंबाझरीचे बाबा बोट देत नाहीत त्याला उपाय सांगा कोणीतरी. आमच्याकडे सासऱ्यांना आधी बोट मग संत्रा बर्फी असा करार होता. शुगर नसेल तर करून पाहा, बाबा स्वतः बोट पुढे करतील.

भूलवाला:
दवाखान्यातून नुकतेच आलेत म्हणून पहिले काही दिवस सकाळ, दुपार, रात्र, आणि त्रास वाटला तर तेव्हा. नंतर स्थिर झाले की दिवसातून एकदा, नेहमी त्याच वेळी. डॉक्टरने वेगळं सांगितलं असेल तर ते ऐकायचं. नोंदीत नुसता एसपीओटू लिहू नका. ऑक्सिजन किती लिटरवर होता, नाडी, आणि मिनिटाला श्वास किती हे लिहा. श्वास मोजायला यंत्र लागत नाही, पोटाकडे पाहायचं, मिनिटभर, त्यांना न सांगता, कारण सांगितलं की माणूस वेगळा श्वास घ्यायला लागतो. मोठ्या माणसाचा बसलेला असताना १२ ते २० असतो, सीओपीडीत थोडा जास्त असू शकतो. पण नेहमीपेक्षा वाढत चालला, २५ च्या वर गेला, वाक्य पूर्ण करता येत नाही, ओठ निळसर, किंवा ८८ च्या खाली टिकून राहिला तर डॉक्टरला फोन, आणि सुस्ती, गोंधळ असेल तर सरळ १०८. गाडीतल्या माणसाला डिस्चार्ज कार्ड दाखवून सांगा की टार्गेट ८८ ते ९२ आहे, नाहीतर ते सवयीने मास्क लावून फुल सोडतात.

तर्रीपोहे:
कोविडमध्ये ते सहा मिनिटं चालायला लावायचे, ते यांनी करायचं का?

भूलवाला:
स्वतःच्या मनाने नाही. घरी ऑक्सिजनवर असलेल्या माणसाला चालवून पाहायचं ते डॉक्टर किंवा फिजिओच्या समोर. कोविडमध्ये ती चाचणी होती ती बसून ठीक दिसणाऱ्या माणसाचा लपलेला त्रास पकडायला, आणि तिने अनेकांना वेळेत दवाखान्यात पोचवलं हेही खरं.

रात्रपाळी:
त्या एप्रिलची आठवण काढलीत. २३ एप्रिल २०२१ ला विशाखापट्टणमहून ऑक्सिजन एक्स्प्रेस आपल्या स्टेशनला आली होती, तीन टँकर इथे उतरले, बाकीचे नाशिकला गेले. मी ड्युटीवरून घरी न जाता टीव्हीवर तेच पाहत बसलो होतो. ज्यांचं माणूस त्या दिवसांत गेलं त्यांना ९० हा आकडा आयुष्यभर घाबरवणार, अंबाझरीच्या आईला कोणी नावं ठेवू नये.

तर्रीपोहे:
काका वाचले नाहीत आमचे. म्हणूनच मी पहिल्यांदा तसं लिहिलं.

निवृत्त_सिस्टर:
दादा, समजलं होतं मला.

अंबाझरी:
अपडेट देते. आज फॉलोअपला जाऊन आलो, आमचं यंत्र सोबत नेलं, त्यांच्याशी एकाचाच फरक निघाला. एबीजी केली, कार्बन डायऑक्साइड थोडा जास्तच आहे, म्हणजे ४ लिटर केलं असतं तर काय झालं असतं ते डॉक्टरांनी भावाला स्पीकरवर स्वतः सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला तक्ता मी बनवतो. आता त्याने रकाने पाडलेत, वेळ, लिटर, एसपीओटू, नाडी, श्वास, आणि शेवटचा रकाना 'बाबा काय म्हणाले'. तो शेवटचा रकाना आईला सगळ्यात आवडला. आज त्यात लिहिलंय, वरणात मीठ कमी. फ्रिजवर बाबांचा आकडा लावलाय, ८९ ते ९१, खाली १०८. बर्फी सुरू केली, बोट मिळून राहिलं.

जरीपटका_आई:
वाचून फार बरं वाटलं.

नवा_सदस्य_हिंगणा:
उशिरा आलो, एक विचारू का? आमच्या आजीला डाव्या अंगाला लकवा आहे, डावा हात गार आणि आखडलेला. उजव्या हाताला लावलं तर ती सारखी हलवते. नखांना लग्नाची काळी मेंदीही आहे. कानाला लावता येईल का?

निवृत्त_सिस्टर:
बोटाचा चिमटा कानाला लावायचा नाही, कानाचा सेन्सर वेगळा मिळतो. काळ्या मेंदीमुळे वाचन येत नाही कधी कधी, तेव्हा ज्या बोटाला मेंदी नाही ते पाहा. उजवा हात कोणीतरी मांडीवर हलकेच धरून बसा, आजीशी बोलत राहा पण तिला बोलायला लावू नका, लाट स्थिर झाली की आकडा घ्या. नाहीच जमलं तर पायाचं मोठं बोट गरम करून पाहा, थोडा उशिरा आकडा येतो आणि जाड बोटाला चिमटा बसत नसेल तर ओढून बसवू नका. आजीचं वय काय आणि दम लागतो म्हणून पाहताय की असंच?

नवा_सदस्य_हिंगणा:
८१. दोन दिवसांपासून खोकला आहे, जेवताना ठसका लागतो.

निवृत्त_सिस्टर:
मग आकड्याची वाट पाहू नका. लकव्याच्या माणसाला जेवताना ठसका लागून खोकला सुरू झाला म्हणजे अन्न किंवा पाणी श्वासनळीत जात असण्याची शक्यता असते, त्यातून न्यूमोनिया होतो. आज संध्याकाळीच दाखवून या. तोवर पाणीही पडल्यापडल्या देऊ नका, पूर्ण उठवून बसवून, चमच्याने. जाऊन आलात की इथे कळवा.